ग्रिनलिंग गिबन्स : किती घासायचं आणि कुठे थांबायचं

सगळ्यात आधी एक कबुली देते. माझं शिक्षण केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो पास होण्यापुरता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं जेव्हा मला सांगण्यात आलं, तेव्हा व्हायवाला आत जाताना येतो तसा पोटात गोळा आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील तर त्यांचे आभार, आणि ज्या राहिल्या असतील त्या माझ्या!

मी ज्याच्याबद्दल लिहिणार आहे तो माणूसही याबाबतीत माझ्याच जातकुळीतला होता, म्हणून थोडा धीर आला. इंग्लंडमधला सगळ्यात मोठा लाकूडकाम करणारा कलाकार म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्याच्या हातची जी थोडीफार इंग्रजी पत्रं शिल्लक आहेत, त्यातलं स्पेलिंग अगदी वाईट आहे. कारण तो लहानाचा मोठा झाला हॉलंडमध्ये. त्याचं नाव ग्रिनलिंग गिबन्स.

आता मेकॅनिकलच्या मुलीला तीनशे वर्षांपूर्वीच्या सुताराची आठवण का झाली, ते सांगते. आमच्या घरी आजीचा एक सागवानी देव्हारा आहे. आजीच्या सासऱ्यांनी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता. वर महिरप, महिरपीवर वेल, आणि दोन्ही बाजूंना एकेक पोपट. पोपटाच्या पंखावरचं एकेक पीस वेगळं कोरलेलं. मी सेकंड इयरला असताना गणपतीच्या आधी मला हुक्की आली, की हा काळा पडलेला देव्हारा आपण चकाचक करायचा. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये लॅप जॉइंट केला होता, त्यामुळे सुतारकाम आपल्याला येतं असा माझा समज होता. हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि उजव्या बाजूच्या पोपटापासून सुरुवात केली. अर्ध्या तासात लाकूड मस्त पिवळंधमक दिसायला लागलं. पण पोपटाच्या पंखावर पिसंच उरली नव्हती. चोच बोथट, डोळा सपाट. एखादा साबण वापरून वापरून झिजावा तसा तो पोपट दिसत होता.

आजी काही बोलली नाही. तिने फक्त त्या पंखावरून बोट फिरवलं आणि आत निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कोरीवकाम कशाने घासावं याबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले, आणि वाचता वाचता मला गिबन्स भेटला.

ग्रिनलिंग गिबन्सचा जन्म ४ एप्रिल १६४८ चा, हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा. आईवडील मात्र इंग्लिश. वडील व्यापारी होते. १६६६ साली लंडनला भयंकर आग लागली आणि जवळजवळ सगळं जुनं शहर जळून गेलं. शहर जळालं म्हणजे ते पुन्हा बांधायला माणसं लागणार. त्यानंतर वर्षभराने, साधारण १६६७ च्या सुमाराला, एकोणीस वर्षांचा हा मुलगा इंग्लंडमध्ये आला. आधी यॉर्कमध्ये काम केलं, मग लंडनजवळ डेटफर्ड नावाच्या गोदीच्या गावात एक एकाकी, गवताने शाकारलेलं घर घेऊन राहिला.

जानेवारी १६७१ च्या सुमाराला जॉन एव्हलिन नावाचे एक गृहस्थ त्या बाजूने चालले होते. एव्हलिन म्हणजे त्या काळातले मोठे विद्वान, त्यांची डायरी आजही प्रसिद्ध आहे. त्यांनी सहज खिडकीतून आत डोकावलं, तर आत एक तरुण टिंटोरेट्टो या चित्रकाराच्या क्रुसिफिक्शनच्या चित्रावरून लाकडात कोरत बसलेला. शंभरहून जास्त माणसं त्या एका फळीत कोरलेली. एव्हलिनने किंमत विचारली, तर त्याने शंभर पौंड सांगितली. लोकांची कटकट नको, सलग काम करता यावं, म्हणून आपण असं एकटं राहतो, असंही त्याने सांगितलं. तेव्हा गिबन्स बावीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. मी आमच्या जर्नलमधल्या डायग्रॅमसुद्धा मैत्रिणीच्या वहीवरून काढते, त्यामुळे हे वाचून मला जरा लाजच वाटली.

एव्हलिनने त्याला थेट राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे नेलं. हा राजा आपल्यालाही परका नाही बरं का. पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात ज्याला मुंबई बेट आंदण मिळालं, तोच हा. पुढे १६६८ मध्ये त्याने तीच मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. म्हणजे हिशेब करा, गिबन्सच्या त्या एका फळीची किंमत मुंबईच्या दहा वर्षांच्या भाड्याएवढी होती! राजाला काम आवडलं. त्याने ती फळी राणीच्या महालात पाठवली. पण राजा निघून गेल्यावर फ्रान्सहून कपडे आणि पंखे आणून विकणाऱ्या एका बाईने तिच्यात खुसपटं काढली, आणि राणीने ती घेतली नाही. एव्हलिन भयंकर चिडले. गिबन्स आपली फळी उचलून परत गेला. आज ती इंग्लंडमधल्या डनहॅम मॅसी या वाड्यात आहे.

पण गुण लपून राहत नाही. काही वर्षांत त्याला विंडसर कॅसलचं काम मिळालं, आणि मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. १६८२ मध्ये राजाने टस्कनीच्या ग्रँड ड्यूकला, तिसऱ्या कोझिमोला, भेट म्हणून गिबन्सकडून एक पॅनेल करून घेऊन पाठवलं. ते आजही फ्लॉरेन्सच्या पिट्टी पॅलेसमध्ये आहे. पेटवर्थ हाउसमधली कोरीव खोली, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजची लायब्ररी, सर क्रिस्टोफर रेनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधली गायकांची आसनं, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली राजाची दालनं, अशी कामांची यादी मोठी आहे. १६९३ मध्ये तो राजघराण्याचा मास्टर कार्व्हर झाला. मोठ्या कामांसाठी त्याच्याकडे कारागिरांचं पथकच होतं.

त्याचं लाडकं लाकूड म्हणजे लाइम वुड. मी आधी हे लिंबाचं लाकूड समजले होते आणि मैत्रिणींना तसं सांगूनही बसले होते. ते लिंबू नव्हे, तर लिंडन नावाचं युरोपातलं वेगळंच झाड आहे. हे लाकूड मऊ, फिकट आणि एकसारख्या पोताचं असतं. त्यातून कुठल्याही दिशेने पटाशी चालवता येते आणि बारीक धार टिकते. या लाकडात गिबन्सने फुलं, फळं, पक्षी, शिंपले असं काहीबाही कोरलं. एकाच ठोकळ्यातून नव्हे, तर थरावर थर बसवून, काही फुलं वेगळी कोरून जोडून. मागच्या बाजूने लाकूड इतकं पोखरायचा की पाकळ्या अगदी पातळ उरायच्या. त्याच्या घरात एक लाकडी फुलांची कुंडी होती आणि रस्त्यावरून घोडागाडी गेली की ती फुलं थरथरायची, असं होरेस वॉलपोल या लेखकाने नोंदवून ठेवलंय. याच वॉलपोलकडे पुढे गिबन्सने १६९० च्या सुमाराला कोरलेला लाकडी क्रॅव्हॅट आला. क्रॅव्हॅट म्हणजे गळ्याभोवती बांधायचा लेसचा रुमाल. १७६९ मध्ये वॉलपोलने तो गळ्यात घालून परदेशी पाहुण्यांचं स्वागत केलं होतं! तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

गिबन्सच्या बऱ्याच कामांत मटाराची शेंग दिसते. शेंग उघडी असली तर पैसे मिळाले, मिटलेली असली तर बुडाले, अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी मानायला पुरावा नाही, पण आपल्या सबमिशनवरही अशी काही खूण करता आली असती तर मजा आली असती.

सगळंच गोड होतं असं नाही. त्याने दगडाची आणि ब्राँझची कामंही घेतली, पण त्यांत लाकडाइतकं यश त्याला आलं नाही. १७०२ मध्ये लंडनच्या बो स्ट्रीटवरचं त्याचं राहतं घर कोसळलं. नशिबाने घरच्यांपैकी कुणी दगावलं नाही, आणि घर पुन्हा बांधलं गेलं. १७१९ मध्ये बायको गेली. ३ ऑगस्ट १७२१ रोजी तो स्वतः गेला. कव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्याला पुरलं. आपण हे सगळं कसं करत होतो, कुठली हत्यारं, कशाने घासत होतो, याबद्दल त्याने एक ओळही लिहून ठेवली नाही. नंतरच्या पिढ्यांनी त्याच्या कामांवर मेण आणि व्हार्निश चढवलं. मूळचं फिकट लाकूड तपकिरी होऊन बसलं आणि त्याखाली त्याच्या हाताच्या खुणा झाकल्या गेल्या.

आता माझ्या पोपटाचा प्रश्न इथे येतो. लाकूड कोरणाऱ्या लोकांत एक जुना वाद आहे. काही जण म्हणतात की खरा कारागीर पटाशीच्या धारेवरच काम संपवतो, कोरीवकामाला कागद लावणं म्हणजे अडाणीपणा. काहींच्या मते थोडं घासल्याशिवाय सफाई येत नाही. पहिल्या बाजूचे लोक गिबन्सचं नाव हमखास घ्यायचे. गिबन्सने कुठे कागद वापरला होता? एका अर्थी ते बरोबर होतं. इंग्लंडमध्ये काचपेपर कारखान्यात बनायला लागला तो १८३३ च्या सुमाराला, जॉन ओकीने धंदा सुरू केल्यावर. तोपर्यंत गिबन्सला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

मग ३१ मार्च १९८६ ला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला आग लागली. राजाच्या दालनांचं खूप नुकसान झालं आणि गिबन्सचा सात फूट लांबीचा एक लटकता कोरीव तुकडा जळून गेला. तो पुन्हा कोरायचं काम डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन माणसाला मिळालं. हे गृहस्थ केंब्रिजला साहित्यात डॉक्टरेट करून प्रोफेसर व्हायच्या मार्गावर होते. १९७४ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी गिबन्सचं काम पाहिलं, आणि सगळं सोडून हातात पटाशी घेतली. २०१९ मध्ये ते वारले. तर दुरुस्तीसाठी भिंतीवरून उतरवलेले बाकीचे तुकडे त्यांना जवळून बघता आले. बाजूने तिरका प्रकाश टाकला, तर लाकडावर अगदी बारीक, एकमेकांना समांतर असे ओरखडे दिसले. म्हणजे गिबन्सने घासलं होतं! तीनशे वर्षं जो माणूस न घासण्याचं उदाहरण म्हणून सांगितला जायचा, त्याने घासलं होतं.

पण कशाने? एस्टर्लींनी शोध घेतला आणि उत्तर निघालं, एक गवतासारखी वनस्पती. इंग्लंडमध्ये तिला डच रश म्हणायचे, कारण ती हॉलंडकडून यायची. आपल्या अकरावीच्या बायोलॉजीच्या पुस्तकात इक्विझेटम म्हणून जी आहे ना, तीच. तेव्हा मी तिचं नाव फक्त पाठ केलं होतं. हिचे देठ पोकळ, पेरापेरांचे असतात, त्यावर उभ्या बारीक रेघा असतात आणि वरच्या सालीत सिलिका साठलेली असते. सिलिका म्हणजे वाळूतलं तेच द्रव्य. पूर्वी लोक याने भांडीसुद्धा घासायचे. आजीला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती लहानपणी भाताच्या तुसाच्या राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासायची, आणि तुसातही सिलिकाच असते. सिव्हिलवाल्यांना ती राख काँक्रीटमुळे माहीत असेल.

आता या गवतात असं काय आहे जे माझ्या पॉलिश पेपरमध्ये नव्हतं, ते आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट कणाच्या साइजची. कागदाचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ८० नंबरचा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा असतो, २२० चा ०.०७ च्या आसपास, ४०० चा ०.०३५ च्या आसपास. आता पोपटाच्या दोन पिसांमधली रेघ समजा अर्धा मिलिमीटर रुंद आहे. तिच्यावर ०.२ मिलिमीटरचे दगड फिरवले तर काय राहणार? म्हणून कागद निवडताना आधी लाकूड बघायचं नसतं, तर त्या कामातली सगळ्यात बारीक रेघ बघायची असते. बारीक कोरीवकामात २२० च्या खाली जायची वेळ आली, तर ते काम कागदाचं नसून पटाशीचं आहे असं समजावं.

दुसरी गोष्ट पाठीची. कडक कागद फक्त उंचवट्याला लागतो आणि नेमकी धार खातो, खाचेत जातच नाही. गवताचा देठ भिजवला की लवचिक होतो, चिरला तर पट्टी होते, आणि तो आकाराच्या मागे मागे जातो. आज ते मिळालं नाही तर कापडाच्या पाठीचा बारीक पेपर घेऊन त्याच्या अरुंद पट्ट्या कराव्यात, किंवा पातळ काडीला गुंडाळून वापरावा.

तिसरी गोष्ट क्रमाची. मटेरियल सायन्सच्या लॅबमध्ये आपण एमरी पेपरवर स्पेसिमेन घासतो तेव्हा प्रत्येक पेपरला ते नव्वद अंशांत फिरवतो, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. एक पेपर गाळला तर मायक्रोस्कोपखाली चोरी लगेच पकडली जाते. लाकडातही नंबर गाळायचे नाहीत. फक्त लाकडात नव्वद अंशांत फिरवणं चालत नाही, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावं लागतं, कारण आडवा ओरखडा पॉलिश केल्यावर जास्तच उठून दिसतो.

चौथी गोष्ट म्हणजे आधी पटाशी, मग कागद. एकदा कागद लावला की त्याचे सुटे कण लाकडात रुतून बसतात, आणि त्यावर पुन्हा पटाशी चालवली तर तिची धार जाते. म्हणजे कागद हातात घेणं हा एक निर्णय आहे. त्यानंतर मागे फिरणं महागात पडतं. गवताला वेगळी चिकटवलेली वाळूच नसते, हा त्याचा आणखी एक फायदा.

आणि पाचवी गोष्ट मला गिबन्सच्या त्या ओरखड्यांनी शिकवली. घासण्याने आकार येत नाही. आकार पटाशीने यायचा, कागदाने फक्त जातो. पाकळीची कड कशी वळवायची हे गिबन्सने धारेनेच ठरवलं, गवताने फक्त वरचा खडबडीतपणा काढला, आणि कड जाण्याआधी हात थांबवला. कदाचित तो हात कधी थांबवायचा हेच त्या पथकातल्या नवीन पोरांना शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागत असेल. मला शिकायला एक पोपट लागला.

मी वर्कशॉपमधला सागवानाचा एक टाकाऊ तुकडा मागून घेतला, त्यावर पानाच्या शिरा कोरल्या आणि त्यावर सगळे नंबर वापरून बघितले. कोरलेलं काही फार ग्रेट नव्हतं, पण ४०० नंबरच्या पट्टीने शिरा शाबूत राहिल्या. मग मोठ्या उत्साहात आजीला विचारलं की आता डावा पोपट करू का. हे विचारताना मी पट्टी हातात घेऊनच उभी होते. आणि तिने उत्तर द्यायच्या आधी माझं मलाच कळलं. त्या पोपटावर वर्षानुवर्षांचा तेलाचा, धुराचा थर होता, पण त्याखाली त्या गावच्या सुताराच्या पटाशीच्या खुणा होत्या. त्याचं नाव आता कुणाला माहीत नाही. गिबन्सचे ओरखडे वाचायला कुणीतरी आलं, कारण ते कुणी पुसून टाकले नव्हते. या सुताराच्या खुणा मी पुसल्या तर त्या वाचायला कोण येणार?

मी पट्टी ठेवून दिली. जुना मऊ टूथब्रश आणि कोरडं फडकं घेऊन फक्त धूळ काढली. पिसांच्या मधल्या रेघा मोकळ्या झाल्या, तेवढ्यावर थांबले.

यंदा गणपतीत देव्हाऱ्यात दोन्ही पोपट होते. डावा काळा, उजवा पिवळा. पाहुण्यांपैकी कुणी विचारलंच तर आजी डाव्याला सासऱ्यांचा पोपट म्हणते, आणि उजव्याला माझा. सांगताना हसते. मला अजून त्याच्याकडे बघताना थोडं कसंतरी होतं, पण तो तसाच राहावा असंच मला वाटतं.